वळिवड्याचं पोलंड

(नवी मुंबईतल्या एका महिला बचत गटानं सामुदायिक रेडिओवर केलेल्या भाषणाचा मजकूर)

 मैत्रिणींनो, कोपरखैरण्याहून आमचा गट तुम्हां सगळ्याजणींशी बोलतोय. कुणी भाकऱ्या थापत असाल, कुणी शेंगा फोडत असाल, कुणी गटाच्या मीटिंगला एकत्र बसून ऐकत असाल. हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढे आमच्याकडे द्या.

आज आम्ही एका गावाची गोष्ट सांगणार आहोत. गाव पोलंडचं, पण ते वसलं होतं कोल्हापूरपासून चार-पाच किलोमीटरवर. पाच वर्षं होतं, मग उठून गेलं. आणि ते गाव चालवलं होतं मुख्यतः बायकांनी.

हे आम्हांला कसं कळलं ते आधी सांगतो. आमच्या गटात आम्ही चौदाजणी. निम्म्या कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडच्या. घरची माणसं माथाडी, तुर्भ्याच्या मार्केटात. निम्म्या इथल्याच गावांतल्या, आगरी-कोळी. दिवाळीच्या आधी आम्ही साड्या आणून विकतो. दोन वर्षांपूर्वी ठरवलं की होलसेलचा माल थेट गांधीनगरहून आणायचा, आणि त्या निमित्तानं अंबाबाईचं दर्शनही होईल. रात्री कल्याणहून गाडीत बसलो. सकाळी कोल्हापूर यायच्या जरा आधी वळिवडे नावाचं छोटं स्टेशन लागतं. गांधीनगर तिथंच. कापडाची दुकानंच दुकानं, बहुतेक सिंधी लोकांची.

एका दुकानात साड्या बघता बघता आमच्यातल्या एकीनं सहज विचारलं, "भाऊ, तुम्ही लोक सिंधमधून इतक्या लांब इथं कसे आलात?" दुकानदार म्हणाला, "ताई, फाळणीनंतर आमच्या आजोबांना इथं आणलं तेव्हा बराकी तयारच होत्या. आमच्या आधी इथं पोलंडची माणसं राहायची."

पोलंडची? इथं? आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो. तेव्हा आमच्यातली रुकडीकडची एकजण म्हणाली, "अगं हो, माझ्या आजेसासूबाई म्हणायच्या, त्या पोलंडच्या बाया लई रडायच्या आन् लई गाणी म्हणायच्या." पुढं काय म्हणायच्या, हे आम्ही विचारलं. ती म्हणाली, "एवढंच आठवतंय. आम्ही कधी पुढं विचारलंच नाही."

साड्या घेऊन परत आलो, पण ते अर्धं वाक्य डोक्यातून जाईना. मग मिळेल ते वाचलं, जाणत्या माणसांना विचारलं. जे कळलं ते तुम्हांला सांगतो.

पोलंड हा युरोपातला देश. एका बाजूला जर्मनी, दुसऱ्या बाजूला रशिया. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीनं पश्चिमेकडून हल्ला केला आणि दुसरं महायुद्ध सुरू झालं. सतराव्या दिवशी पूर्वेकडून रशियाचं, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत संघाचं सैन्य आत शिरलं. दोघांनी मिळून देश वाटून घेतला.

पूर्वेकडच्या गावांत शेतकरी होते, जंगलखात्यातली माणसं होती, शिक्षक होते, सैन्यातून निवृत्त होऊन जमीन कसणारे होते. १० फेब्रुवारी १९४०च्या रात्री तिथल्या हजारो घरांची दारं एकाच वेळी ठोठावली गेली. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, बर्फ पडलेलं. बंदूकवाले शिपाई म्हणाले, सामान बांधा आणि चला. कुणाला तास मिळाला, कुणाला अर्धाच तास.

बायांनो, क्षणभर विचार करा. अर्ध्या तासात आपण काय घेऊ? पोरांचे कपडे, पीठ, गोधडी, देव, थोडे दागिने. गोठ्यातल्या जनावराचं काय? चुलीवर ठेवलेल्या भांड्याचं काय? त्या बायांनीही असंच काहीबाही गाठोड्यात बांधलं. मालगाडीच्या डब्यांत भरून त्यांना सैबेरियाकडे नेलं. प्रवास कित्येक दिवसांचा. पुढच्या सव्वा वर्षात आणखी तीन वेळा अशाच धरपकडी झाल्या आणि कितीतरी कुटुंबं कझाकस्तानच्या माळावर नेऊन टाकली. काही लाख माणसं अशी घराबाहेर काढली गेली.

तिथं जंगलात लाकूडतोड, शेतावर राबणं. काम करील त्याला मोजून पाव. म्हातारी, लहान मुलं काम करू शकत नव्हती, त्यांच्या वाट्याला कमी. मग आया आपल्या वाट्यातलं मुलांना द्यायच्या. त्यात कितीजणी गेल्या आणि मुलं मागं पोरकी राहिली.

जून १९४१ मध्ये जर्मनीनं रशियावरच हल्ला केला. काल एकत्र असलेले आज वैरी झाले. रशियाला दोस्त हवे होते, म्हणून त्यानं पोलंडच्या सरकारशी करार केला. हे सरकार तेव्हा लंडनला परागंदा होतं. कैदेतल्या पोलिश लोकांना सोडायचं आणि त्यांच्यातून फौज उभी करायची असं ठरलं. १९४२ मध्ये ही फौज कास्पियन समुद्र ओलांडून इराणला गेली आणि तिच्याबरोबर बायका-मुलंही. एक लाखाहून जास्त माणसं अशी बाहेर पडली. उपाशी, तापानं फणफणलेली, अंगावर चिंध्या. कितीजण तर इराणच्या किनाऱ्याला पोचूनच वारले.

पुरुष सैन्यात गेले. आता या बायका-मुलांचं करायचं काय? युद्ध चालू, परत जायला देश नाही. मग कुठं कुठं पाठवलं त्यांना! आफ्रिकेत, मेक्सिकोत, न्यूझीलंडला. आणि हिंदुस्थानात. सगळ्यांत आधी, १९४२ मध्ये, नवानगर संस्थानचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी पोरक्या मुलांना जामनगरजवळ बालाचडीला जागा दिली. काही मुलं मुंबईत वांद्र्याला होती. क्षयानं आजारी असलेल्यांना पाचगणीच्या हवेत ठेवलं. पण सगळ्यांत मोठी वस्ती झाली ती वळिवड्याची, १९४३च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात. इराणहून बोटीनं कराची, तिथं काही दिवस तंबूत, आणि तिथून पुढं वळिवडं.

इथं सुमारे पाच हजार माणसं आली. त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. पुरुष थोडे, तेही बरेचसे म्हातारे. तुमच्या-आमच्याकडे पाच हजार वस्तीचं गाव म्हणजे चांगलं मोठं गाव.

ते गाव होतं कसं? लांबच लांब बराकी, वर कौलं, भिंती चटयांच्या. एका बराकीत अनेक कुटुंबं शेजारी शेजारी, प्रत्येकाला खोल्या, स्वयंपाकाची छोटी जागा आणि पुढं ओसरी. आपल्या चाळीसारखंच म्हणा ना. वस्तीचे पाच भाग केलेले. दवाखाना, टपाल, चर्च, शाळा, सिनेमा-नाटकाची जागा. प्राथमिक शाळा होत्या, हायस्कूल होतं, हाताला काम शिकवणारे वर्ग होते. शिकवायला बहुतेक बायकाच. शाळा पोलिश भाषेत. दोन-तीन वर्षं ज्या मुलांनी पाटी-पुस्तक पाहिलं नव्हतं, ती पुन्हा वर्गात बसली.

इथं आम्हांला फार नवल वाटलं. या बायांना माहीत होतं की हे आपलं गाव नाही. युद्ध संपलं की जायचं. मग कशाला फुलझाडं लावायची? पण त्यांनी लावली. ओसरीपुढं बागा केल्या. शिवण, भरतकाम, विणकामाचे वर्ग आणि कारखाने चालवले. इथल्याच कापडातून आपल्याकडचे सणाचे पोशाख शिवले आणि मुलींना घालून नाच बसवले. गाण्याचे गट होते. स्काउट-गाईडची पथकं होती, त्यात शेकडो मुलं-मुली. नाताळ, ईस्टर, सगळे सण झाले.

आमच्यातली एक म्हणाली, "असं का करत असतील? पैसे साठवून ठेवायचे की." दुसरी म्हणाली, "अगं, पोरांना आपण कोण आहोत हे विसरू द्यायचं नव्हतं त्यांना." आम्हांला ते पटलं. जमीन गेली, घर गेलं. भाषा, गाणी, सण आणि हातातलं कसब एवढंच गाठोड्यात उरलेलं. तेच त्यांनी वळिवड्याला मांडलं.

वस्तीचा खर्च लंडनमधलं पोलिश सरकार करत होतं. घरटी ठरावीक रक्कम मिळायची आणि बाई आपल्या चुलीवर आपलं रांधायची. आपण गट चालवणाऱ्याजणी, आपल्याला यातलं मर्म लगेच कळतं. पंगतीत बसून वाढलेलं खाणं वेगळं, आणि हातात चार पैसे घेऊन बाजारात जाऊन, घासाघीस करून, आपल्या पोराला काय आवडतं ते आणून शिजवणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात बाई पुन्हा घरधनीण होते.

आणि बाजार म्हटला की आपली माणसं आली. दूध, भाजी, अंडी, फळं, सरपण, कापड. आसपासच्या गावांतले लोक वस्तीवर माल घेऊन जायचे. त्यांना पोलिश येईना, यांना मराठी येईना. विकता विकता आपल्या लोकांनी पोलिश शब्द उचलले. दुधाला पोलिशमध्ये म्हणतात 'म्लेको'. आणि आईला म्हणतात 'मामा'! आपल्या एखाद्या बाईनं ते पोर 'मामा, मामा' करून रडताना ऐकलं असेल, तर ती म्हणाली असेल, अगंबाई, याच्या आईचा भाऊ कुठं हरवला!

हसलात ना? पण काळ हसण्यासारखा नव्हता. १९४३ साल म्हणजे बंगालमध्ये दुष्काळानं लाखो माणसं मेली ते साल. आपल्याकडेही धान्याची टंचाई, रेशन. शेजारच्या साताऱ्यात त्याच वर्षी क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं होतं. आपण स्वतःच पारतंत्र्यात होतो. अशा वेळी आपल्या दाराशी देश हरवलेल्या पाच हजार माणसांची वस्ती आली, आणि लोकांनी त्यांच्याशी नीट व्यवहार केला. त्या लोकांनी पुढं ते आयुष्यभर आठवणीत ठेवलं.

आणखी एक धागा. या बायांचे नवरे, भाऊ, मोठे मुलगे इटलीत लढत होते. मे १९४४ मध्ये माँटे कॅसिनो नावाच्या डोंगरावर पोलिश सैन्यानं मोठी लढाई जिंकली, पण माणसंही फार गेली. त्याच इटलीत आपले मराठा पलटणीचे जवानही लढत होते. आपल्या रायगडचे, माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ला तिथंच धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे बघा, वळिवड्याच्या बराकीत एक बाई टपालाची वाट बघत होती, आणि माणगावच्या एका घरात दुसरी. दोघींना एकमेकींचं नावही ठाऊक नव्हतं. वाट मात्र दोघी एकाच रणातून येणाऱ्या पत्राची बघत होत्या.

१९४५ मध्ये युद्ध संपलं. जगभर आनंद. वळिवड्यात मात्र वेगळीच गोष्ट झाली. मोठ्या देशांनी बसून नकाशा नव्यानं आखला होता. पूर्व पोलंड, जिथून या लोकांना उचललं होतं, तो भाग रशियाकडेच राहिला. उरलेल्या पोलंडमध्येही रशियाच्या मर्जीतलं सरकार आलं. लंडनच्या सरकारची मान्यता ब्रिटननं काढून घेतली. युद्ध जिंकलेल्यांच्या बाजूला असूनही यांचं घर गेलंच.

मग पुन्हा गाठोडी. काहीजण पोलंडला परतले. ज्यांचे नवरे-मुलगे फौजेत होते, त्यांना ब्रिटननं आपल्याकडे घेतलं. काही ऑस्ट्रेलियाला, काही कॅनडा-अमेरिकेला, काही आफ्रिकेतल्या वस्त्यांत. काही मुलींनी इथंच लग्नं केली आणि इथल्याच होऊन गेल्या. १९४८च्या सुरुवातीला वळिवडं रिकामं झालं.

पण बराकी फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. ज्या कराचीतून पोलिश लोक आले होते, त्याच कराचीकडून आता सिंधी कुटुंबं आली, फाळणीत घरदार सोडून. एकाच्या पाठोपाठ दुसरं निर्वासित गाव त्याच कौलांखाली बसलं. आपल्या इथं कल्याणच्या लष्करी छावणीत जसं उल्हासनगर झालं, तसं तिथं गांधीनगर झालं. त्यांनी कापडाचा धंदा उभा केला. आम्ही ज्या दुकानात साड्या बघत होतो, त्या जागेचा हा असा इतिहास.

पोलिश वस्तीतली सत्तरहून जास्त माणसं कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत कायमची राहिली. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. २०१७ मध्ये त्यांनी वॉर्सा या आपल्या राजधानीत वळिवडे-कोल्हापूरच्या नावानं स्मारक उभारलं. सप्टेंबर २०१९ मध्ये, युद्धाला ऐंशी वर्षं झाली तेव्हा, वळिवड्यात वाढलेली ती मुलं, आता ऐंशी-नव्वदीची आजी-आजोबा झालेली, परत कोल्हापूरला आली आणि आपलं बालपण शोधत फिरली.

मैत्रिणींनो, हे सगळं आपल्याला आज कसं कळतं? कारण त्यांनी ते लिहून ठेवलं. इंग्लंडमध्ये गेल्यावर त्यांनी आपली संघटना बांधली, एकमेकांना पत्रं लिहिली, आठवणी आणि फोटो गोळा केले आणि जाडजूड पुस्तक काढलं. गाव पाच वर्षंच टिकलं, पण कुठं शाळा होती, कुठं चर्च होतं, सण कसा व्हायचा, सगळं कागदावर आहे.

आणि आपली बाजू? दूध घालणारी बाई कोण होती? सरपणाच्या मोळ्या कुणी नेल्या? त्या बायांशी कुणाची मैत्री झाली? त्या गेल्या तेव्हा इकडं कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं? आमच्याकडे काय उरलंय, तर आजेसासूबाईंचं अर्धं वाक्य. लई रडायच्या, लई गाणी म्हणायच्या. उरलेलं अर्धं त्यांच्याबरोबर गेलं. त्या घरात होत्या, चुलीपुढं बसलेल्या होत्या, पण कुणी विचारलं नाही.

हे आमच्या मीटिंगमध्ये बोलणं चाललं होतं तेव्हा आमच्यातली एक आगरी मैत्रीण गप्प झाली. मग म्हणाली, "तुम्ही पोलंडचं शोधायला निघालात. आमच्या गावाचं कुणी विचारलंत का कधी?"

खोटं कशाला बोलू, आम्हां घाटावरच्या बायांना लाज वाटली. १९७० मध्ये सिडको आली. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. आज आम्ही ज्या इमारतींत राहतो, तिथं यांची भातशेती होती, मिठागरं होती. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि दास्तान फाट्याला जमिनीसाठी लढणाऱ्यांवर गोळीबार झाला, पाचजण हुतात्मे झाले. त्या लढ्यात दि. बा. पाटलांचं नाव सगळ्यांना माहीत आहे, आणि असायलाच हवं. पण भात लावणारी, खाडीत निवट्या-चिंबोऱ्या धरणारी, मोर्चाला पोरं काखेत घेऊन गेलेली बाई? एका गटात इतकी वर्षं बसतोय, हप्ते भरतोय, एकमेकींच्या डब्यातलं खातोय. तरी मनात 'गाववाल्या' आणि 'बाहेरच्या' ही रेघ होतीच. आम्ही तिच्या आईला कधी विचारलं नव्हतं.

पोलंडच्या लोकांना बंदुकीच्या धाकानं देशाबाहेर काढलं. इथली माणसं आपल्या गावातच राहिली, पण गावाभोवतीचं सगळं बदललं. आम्ही पोटासाठी गाव सोडून आलो. तिन्ही गोष्टी एकसारख्या नाहीत, तसं आम्ही म्हणतही नाही. पण तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. आधीचं गाव कसं होतं हे जी बाई जाणते, ती गेली की ते गाव दुसऱ्यांदा जातं.

म्हणून त्या दिवशी आम्ही ठराव केला. आमच्या इतिवृत्ताच्या वहीत पुढून हिशेब आणि ठराव असतात. मागून आम्ही आठवणी लिहायला सुरुवात केली. दर मीटिंगला एका वयस्कर बाईला बोलवायचं, चहा द्यायचा आणि बोलू द्यायचं. पहिल्या आल्या त्या आगरी मैत्रिणीच्या आई. कोणत्या शेताला काय नाव होतं, हे त्यांनी बोटं मोजत सांगितलं. सोळा नावं निघाली. एकाही शेताच्या जागी आता शेत नाही, पण नावं आमच्या वहीत आहेत. मग एका कोल्हापूरकडच्या आजींनी दुष्काळात खडी फोडायला गेल्याचं सांगितलं. ऐकताना दोन्हीकडच्या बाया सारख्याच रडल्या. रेघ पुसली असं म्हणणार नाही. पण फिकी झाली.

तुम्हीही हे करून बघा. त्याला पैसे लागत नाहीत. एक वही, एक लिहिता येणारी मुलगी आणि एक तास. मोबाइलवर आवाज भरून ठेवला तर आणखी चांगलं. पहिल्यांदा काय विचारावं ते सुचत नाही, म्हणून आम्ही तीन प्रश्न ठरवलेत. तुम्ही या गावात कशा आलात, आणि येताना बरोबर काय आणलं होतं? तेव्हा इथं काय होतं, जे आता नाही? आणि तुमच्या गावात बाहेरून कोण येऊन राहून गेलं, त्यांच्याशी तुमचं कसं होतं?

तिसरा प्रश्न विसरू नका. ऊसतोडीला आलेली टोळी, धरणात गाव गेलेली माणसं, मेंढपाळांचा वाडा, काही ना काही प्रत्येक गावात आहे. आणि हातकणंगले, करवीर भागातल्या मैत्रिणींनो, तुम्हांला तर आमची खास विनंती. तुमच्या घरात नव्वदीच्या पुढच्या आजी असतील, तर आजच संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा. विचारा, आजी, ते पोलंडवाले तुम्हांला आठवतात का? त्या बाया कोणती गाणी म्हणायच्या? आमचं अर्धं वाक्य कुणाकडं पुरं होतंय का बघा. झालं, तर रेडिओवर येऊन आम्हांला सांगा.

तुमची भाकरी करपू देऊ नका. नमस्कार.